आधी पाणी, मग बर्फ

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. टाळायला कारणं भरपूर मिळाली. सोयाबीनची काढणी, नातवाचा ताप, बायकोचे गुडघे. खरं कारण एकच होतं. आमच्या घरात भूगोल शिकलेला मी एकटा, आणि मी भूगोलातच शेण खाल्लं.

मोताळ्याजवळच्या एका हायस्कुलात मी आयुष्यभर भूगोल शिकवला. जगाचा नकाशा मी न बघता फळ्यावर काढायचो. लाल खडूनं उष्ण प्रवाह, निळ्यानं थंड. बाण कुठून निघून कुठं वळतो हे ज्याला सांगता येत नसे, तो वर्गाबाहेर उभा राही. मग मुलानं लग्न करून आणलेली सून निघाली समुद्रतळाच्या चिखलावर संशोधन करणारी. साखरखेर्ड्याकडची, शेतकऱ्याचीच पोर, पण किनाऱ्यावरच्या संस्थेत राहून जिभेला धार आलेली. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. आज आवडते, असंही म्हणणार नाही. हे तिची स्तुती करायला लिहीत नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच पंगतीत मी पाहुण्यांना माझे प्रवाह समजावून सांगत होतो. ती वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "मामाजी, हे सगळे वरचे झाले. खरा कारभार तळाशी चालतो." आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात.

"तळाशी काय चालते? अंधार," मी म्हणालो.

"अंधारातच चालतो. ध्रुवाकडचं पाणी थंड अन् खारं होऊन जड होतं, खाली बुडतं, अन् तळातळानं पृथ्वीभर फिरतं. एका फेरीला शेकडो वर्षं लागतात."

माझ्याबरोबर निवृत्त झालेला गणिताचा मास्तर जेवत होता. तो मोठ्यानं हसला. "काय बे, इतके वर्षं पोरांले वरवरचंच शिकोलं का तू?"

पंगत हसली. सूनही हसली. त्या हसण्याचा मी हिशेब ठेवला.

पुढे कोरोनाची टाळेबंदी आली. संस्था बंद झाली आणि दोघं सामानसुमान घेऊन गावी आले. तिनं संस्थेच्या परवानगीनं सूक्ष्मदर्शक आणला होता, आणि तीन लाकडी ट्रे. प्रत्येक ट्रेमध्ये ओळीनं काचेच्या बाटल्या, होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या असतात तेवढ्या. समुद्राच्या तळात नळी ठोकून चिखलाचा उभा दांडा काढतात, त्याचे काप करून धुतात, आणि उरलेली बारीक रेती एकेका बाटलीत भरतात. वरच्या कापापासून खालच्यापर्यंत, ओळीनं. हे सगळं तिनं मांडलं माझ्या टेबलावर. त्या टेबलावर मी जन्मभर पेपर तपासले होते. मला विचारायची गरज कोणाला वाटली नाही.

ती सकाळी बसली की जेवायलाच उठायची. हातात ओला कुंचला, त्याला जेमतेम दोन-चार केस. रेतीतून खसखशीएवढी कवचं उचलायची.

"तांदूळ निवडते तशी निवडून राह्यली हे," माझी बायको म्हणाली.

"हो आत्याबाई, फक्त इथं खडे ठेवायचे अन् तांदूळ फेकायचे."

दोघी हसायच्या. सासूला ती सगळं समजावून सांगायची. मी पेपर तोंडासमोर धरून ऐकायचो.

"ही कवचं तळाशी जगलेल्या जिवांची. ज्या पाण्यात वाढली त्या पाण्याची खूण यांच्यात राहते. लाखो वर्षांपूर्वी हा खालचा प्रवाह मंदावला. त्या पाण्यात विरघळलेला कार्बन खालीच कोंडला, वर थंडी वाढली, अन् उत्तरेकडं बर्फ चढत गेला, डोंगरावर डोंगर. पण भांडण याच्यावर आहे की आधी काय झालं. प्रवाह मंदावला म्हणून बर्फ वाढला, का बर्फ वाढला म्हणून प्रवाह मंदावला?"

"अन् तुले काय वाटते?"

"आधी पाणी, मग बर्फ. पण वाटून काय होतं? त्याचा निकाल या मधल्या ट्रेमध्ये आहे. माझी पदवी म्हणजे हा ट्रे."

पदवी म्हणजे हा ट्रे, हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. मला माहीत नव्हतं, अशी सबब मला नाही.

एके सकाळी टेबलावर कागद चिकटवलेला दिसला: 'कोणीही हात लावू नये.' माझ्या घरात. माझ्या टेबलावर. ती आंघोळीला गेली होती, मुलगा वर गच्चीवर फोनवर. मी कागद फाडला. तेव्हा मी दिवसभर सॅनिटायझर आणि फडकं घेऊन फिरायचो. दाराच्या कड्या, दुधाची पिशवी, नोटासुद्धा पुसायचो. लोक समजत, म्हातारा भेकड आहे. भेकड होतोच. पण त्या दिवशी सॅनिटायझर हे निमित्त होतं. टेबल माझं आहे हे मला दाखवायचं होतं. मधला ट्रे उचलून मी खिडकीजवळ नेला आणि एकेक बाटली काढून, झाकण पुसून, जागच्या जागी ठेवली.

शेवटची बाटली ठेवली तेव्हा फडकं निळं झालेलं दिसलं. झाकणांवर तिनं मार्करनं, प्रत्येक ट्रेत एकपासून, घातलेले क्रमांक साफ निघून गेले होते.

बाटल्यांची ओळ मोडली नव्हती. पण ट्रे उचलताना फिरवला गेला होता आणि कुठल्या टोकापासून एक सुरू होत होता, ते कळायला मार्ग नव्हता. तेव्हाच हाक मारली असती तर शिव्या खाऊन सुटलो असतो. मी मार्कर उचलला.

मी डोकं चालवलं, मास्तराचं डोकं. खिडकीच्या उजेडात एका टोकाची रेती किंचित करडी दिसली, दुसऱ्या टोकाची फिकट. खालचे नमुने करडे, हे ती सासूला सांगत होती. खालचं ते जुनं. आणि इतिहास असो की भूगोल, आम्ही वर्गात सुरुवात जुन्यापासून करतो. फळ्यावर पहिला आकडा सगळ्यात जुन्याचा. म्हणून बाकीचे ट्रे ताडून न बघता करड्या बाटलीला मी एक दिला आणि फिकट बाटलीकडे आकडे वाढवत नेले. हेडमास्तर रजेवर असले की त्यांच्या अक्षरात सूचना लिहिणारा मी. तिचा आडवी रेघ मारलेला सातही मी हुबेहूब काढला. जुनं कोणतं ते मी बरोबर ओळखलं होतं. क्रमांक मात्र उलटे घातले. ती वरून मोजत होती. आमच्या मळ्यातली विहीर खोदली तेव्हा मी स्वतः काठावर उभा होतो. पहिला हात वरचा, दुसरा त्याच्या खालचा. जमिनीत उतरणारा माणूस वरूनच मोजतो. त्या सकाळी मला फळा आठवला, विहीर आठवली नाही.

मान वर केली तर दारात बायको उभी होती. हातात परात.

"काय करून राह्यले तुमी?"

"तू तुझ्या कणकीकडे पाह्य."

सुनेला कागद फाटलेला दिसला. ती मला म्हणाली, "कागद फाडला तरी चालेल मामाजी, बाटल्या तेवढ्या सोडा." मी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

टाळेबंदी उठल्यावर ती गेली. तिथं कवचांची तपासणी झाली. पुढं एकदा दोघं गावी आलेले असताना तिच्या मार्गदर्शकांचा फोन आला. आमच्याकडे रेंज गच्चीवर नाहीतर अंगणातच मिळते, म्हणून ती अंगणात, फोन स्पीकरवर. मी ओट्यावर.

"मधल्या ट्रेचं सगळं उलटं येतंय," तो माणूस म्हणत होता. "आधी बर्फ, मग पाणी. वरच्या-खालच्या ट्रेशी सांधाही जुळत नाही. नमुने उलटे लागलेत का? गावी घरात काम केलंस, कोणी हात लावला असेल."

"नाही सर. झाकणांवरचे आकडे माझ्याच हातचे आहेत, मी माझं अक्षर ओळखते. अन् माझे सासरे भूगोलाचे शिक्षक आहेत. क्रम म्हणजे काय ते त्यांना कळतं."

माझी बाजू त्या बाईनं आयुष्यात एकदाच घेतली, ती तिथं.

फोन ठेवून ती सरळ माझ्यासमोर आली. "मामाजी, खरं सांगा. त्या ट्रेला हात लावला होता?"

"मले काय करायचं तुह्या चिखलाशी? स्वतः घोळ घालायचा अन् घरच्यांच्या माथी मारायचा. हेच शिकोलं का तुले तिथं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मुलगा म्हणाला, "जाऊ दे, बाबांवर काऊन ओरडते?" स्वयंपाकघरात परात आपटल्याचा आवाज आला.

ज्या ट्रेचा भरवसा नाही त्यावर प्रबंध उभा राहत नाही, आणि पुराव्यावाचून तो उलटा वाचणंही त्यांच्यात चालत नाही. काम दुसऱ्या कोणाला दिलं गेलं. ती काही महिने भांडली, मग सोडून आली. आता दोघं मलकापूरला असतात. ती शिकवणी वर्गात विज्ञान शिकवते. समुद्राचा विषय कोणी काढला तर उठून जाते. बाटल्या त्या संस्थेच्या कपाटात आहेत, माझ्या आकड्यांसकट. कोणी तो एक ट्रे उलटा वाचला तर सगळं जागेवर येईल. हे जगात दोघांना माहीत आहे, मला आणि माझ्या बायकोला.

बायको आता माझ्याशी कामापुरतं बोलते. ताट आदळून ठेवते. मध्ये एकदा म्हणाली, "तुमी काऊन सांगत नाही तिले? पोरगी सोताले खोटी समजून राह्यली."

"तूच सांग ना मग."

"म्या नाही लिवले आकडे."

गेल्या दिवाळीत सून आली होती. मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, आजूबाजूला कोणी नव्हतं. सकाळपासून मी वाक्य घोळवत होतो. जवळ गेलो आणि म्हणालो, "ऐक."

"बोला."

तिनं चिमटा दातात धरला होता. डोळ्यांत अंगणातल्या त्या दिवसाचंच बघणं.

"मोटर चालू राह्यली काय?" मी म्हणालो.

"बंद आहे मामाजी. कान तपासून घ्या."

ती पुढचा कपडा झटकायला वळली. मी आत आलो. घोळवलेलं वाक्य अजून तोंडातच आहे, ते असं: पोरी, झाकणांवरचे आकडे तुह्या हातचे नव्हते, माह्या हातचे होते, अन् उलटे होते. तू बरोबर होती. आधी पाणी, मग बर्फ. मले माफ कर.