काळ्या चौकोनामागची गल्ली

"आधी कॉपी, मग करामत."

हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते. आष्टीत बाजाराला लागून आमची टायपिंगची संस्था आहे. मी मराठी टायपिंग शिकवते आणि भाई संगणक सांभाळायचे. सगळा गाव त्यांना भाई म्हणायचा, म्हणून मीही. कुठल्याही फाईलला हात लावायच्या आधी ते तिची एक प्रत काढून बाजूला ठेवत. मग उजव्या हाताचं मधलं बोट शर्टाच्या खिशाला पुसत आणि एंटर दाबत. बोट स्वच्छ असलं तरी पुसत. कुलूप लावून झाल्यावर तीनदा ओढून बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. भाई त्यांतले.

मी चिडायचे. "अहो, दोन ओळींचा अर्ज आहे. त्याची कसली कॉपी?"

"बिघडायला दोन ओळी लई झाल्या, बाई."

रविवारी क्लास बंद असायचा. त्या दुपारी आमच्या जुन्या संगणकांवर एक तितकाच जुना, लपून गोळ्या झाडायचा खेळ चाले. खेळणारे कोण, तर एसटीतले एक कंडक्टर, औषधाच्या दुकानातले काका आणि मोबाईल दुरुस्तीवाले. सगळे पन्नाशीला टेकलेले. मी राहिलेली कामं उरकायला जायचे आणि या बाप्यांचा कालवा ऐकत बसायचे.

त्या खेळाचे नकाशे भाई स्वतः बनवत. नकाशा म्हणजे जिथं खेळायचं ती जागा. त्यांनी आठवडी बाजार केला होता, एसटी स्टँड केलं होतं, धर्मापुरीचं जुनं देऊळही केलं होतं. देवळाच्या नकाशात बंदुकाच ठेवल्या नव्हत्या. "देवाच्या दारात कावून बंदूक?" म्हणाले. कंडक्टर दोन रविवार रुसून बसले होते.

नकाशा उघडायच्या आधी यादीत त्याचं एक छोटं चित्र दिसतं. ते नकाशाच्या फाईलच्या पोटात घालावं लागतं, नाहीतर तिथं नुसता काळा चौकोन येतो. भाई त्यासाठी संगणकाची काळी खिडकी उघडून तीन आज्ञा टाइप करत. पहिलीनं नकाशाची प्रत निघे, दुसरीनं फोटो लहान होई, तिसरीनं फोटो फाईलच्या आत जाई. या तीन ओळी त्यांनी वहीच्या कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवल्या होत्या. "दारात उभं राहिलं की आधी तोंड दिसावं," म्हणायचे. "बिगरतोंडाच्या घरात कोण जाईल?"

चित्र घालायचं ते मात्र नकाशा वाटायच्या आधी. एकदा तो सगळ्यांकडे गेला की त्यात कणभरही फरक चालत नाही. ज्याची फाईल बदलली त्याला खेळ आत घेत नाही. कंडक्टरांनी एकदा हौसेनं बाजाराच्या नकाशात स्वतःच्या एसटीचा फोटो घातला आणि तो अख्खा रविवार बाहेर बसून चहा पीत काढला.

इतका काटेकोर माणूस, पण त्यांचा एक नकाशा काळाच होता. तो त्यांच्या जुन्या गल्लीचा.

त्या गल्लीत भाईंच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. रस्ता रुंद झाला तेव्हा गल्ली गेली, दुकानही गेलं. भाईंची मुलगी नाझिया तेव्हा शाळेत होती. तिला आई नाही. तिचं सगळं लहानपण त्या दुकानाच्या पायरीवर गेलं. आता ती पुण्यात नर्स आहे. तिच्यासाठी भाईंनी ती गल्ली आठवून आठवून बनवली. कडुलिंबापासून पायरीपर्यंत एक्केचाळीस पावलं, हे त्यांना पाठ होतं. नकाशात दोनच जणांना जागा होती. एक दुकानाच्या पायरीवर, एक कडुलिंबाखाली. दर रविवारी चार वाजता ते इथून आणि ती पुण्याहून आत शिरायची.

"यात खेळायचं काय?" मी एकदा विचारलं.

"काय न्हाई. ती चालत येती, मी वाट बघतो."

"आणि मग?"

"मग चार धाला तिची ड्युटी."

मी कपाळाला हात लावला होता.

बाकीच्या नकाशांना खेळातलंच दृश्य टिपलेलं चालायचं, पण या एका नकाशाला त्यांना खराखुरा फोटो हवा होता. "ह्ये मी रंगवलेलं हाय. दुकान दिसलं पायजे," म्हणायचे. दुकानाचा फोटो कुणी काढलेलाच नव्हता. पंक्चरच्या दुकानाचा फोटो कोण काढतो? मग भाई घरोघर जाऊन लग्नाचे अल्बम मागू लागले. "वरात गल्लीतनं गेलती ना? नवरदेव नको मला, मागचं पायजे." एका घरातल्या आजींनी त्यांना ठणकावलं, "माझा पोरगा घोड्यावर बसलाय आणि तुला भिंती बघायच्यात व्हय रं?" सगळं पालथं घालून हाती काय लागलं, तर घोड्याच्या कानामागं अर्धं शटर. भाईंनी ते घेतलं नाही. नाझियाला म्हणाले, "मिळंल तवा दोघांचे संगं बदलू." तोवर दोघांकडे काळा चौकोन.

एका मंगळवारी भाई आले नाहीत. अकरा वाजता फोन आला की झोपेतच गेले. मी "बरं" म्हणाले. परीक्षा आठ दिवसांवर होती, समोर बॅच बसलेली होती. मी बॅच पूर्ण घेतली, एका मुलीच्या चुकाही काढल्या. मातीला गेले, परत आले, भाजी केली. मला रडू आलं नाही. काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचीच थोडी भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशीची जियारत झाल्यावर पुण्याला जाताना नाझिया संस्थेत आली. भाईंच्या खुर्चीवर बसली नाही, उभीच राहिली.

"मावशी, एक रविवार अब्बांच्या जागी बसाल का? मला एकदा गल्लीत जायचंय. पायरीवर कुणीच नसंल तर मला चालवणार न्हाई."

मी हो म्हणाले. कुठली कळ दाबली की काय होतं, ते तिनं मला दाखवून दिलं.

शुक्रवारी त्या जुन्या गल्लीत गाडा लावणारे फळवाले चाचा आले. त्यांनी पिशवीतून एक फोटो काढला. "भाईनं मागितलावता. घर बदलताना कपाटामागं घावला. लई उशीर झाला, बाई."

फोटोत चाचांचा सीताफळांचा गाडा होता आणि गाड्यामागं दुकान. अख्खं. भाईंचे वडील चाक फिरवून बघत होते. पायरीवर दोन वेण्यांची एक मुलगी बसलेली. पाय हलवत असावी, कारण एक पाय धूसर आला होता.

चाचा गेल्यावर मी मोबाईलवर त्या फोटोचा फोटो काढला आणि भाईंच्या संगणकावर बसले. काळी खिडकी उघडली. कागदावरची दुसरी ओळ टाइप केली, मग तिसरी. पहिली सोडली. वाटलं, कशाला आणखी एक फाईल, आता रागवायला कोण आहे? बोटही पुसलं नाही. यादीत काळ्या चौकोनाच्या जागी दुकान आलं. इतक्या दिवसांत तेव्हा पहिल्यांदा मला बरं वाटलं. नाझियाला सांगितलं नाही, म्हटलं रविवारी बघेल.

रविवारी चारला तिचा फोन आला.

"मावशी, मला आत घेईना. फाईल जुळत न्हाई म्हणतंय."

दहा वर्षं त्या माणसाशेजारी बसून, कंडक्टरांना हसून, मी तेच केलं होतं. मी तिला फोटोचं सगळं सांगितलं. सीताफळं, चाक, वेण्या.

"आधीची कॉपी असंल ना?"

"नाही गं."

"असू द्या."

"मी ही नवी पाठवते ना तुला. दुकान दिसतंय बघ त्यात. तू दिसतेयस."

"फोटो पाठवा मावशी, पण नकाशा नको. अब्बा म्हणलेवते, दोघांचे संगं बदलू. आता संगं कसं बदलायचं?" मग म्हणाली, "थांबा. माझ्याकडचीच पाठवते."

तिची फाईल आली. मी आधी माझ्या फोटोवाल्या फाईलची कॉपी काढून बाजूला ठेवली. मग तिची जागेवर टाकली. दुकान गेलं, काळा चौकोन परत आला. मी बोट पदराला पुसलं आणि एंटर दाबलं.

मी पायरीवर उभी होते. समोर गल्ली, टोकाला कडुलिंब. झाडाखाली एक बाहुली उगवली आणि चालू लागली. मी पावलं मोजली. एक्केचाळीसच भरली. ती माझ्यासमोर येऊन थांबली. फोन चालूच होता.

"आता मी काय करू?" मी विचारलं.

"काय न्हाई मावशी. अब्बापण काय करत नव्हते."

आम्ही दोघी उभ्या राहिलो. फोनमध्ये तिच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता. चार दहा झाले.

"जाते," ती म्हणाली. ते ती मला म्हणत नव्हती.

खेळ तिथंच बंद करता आला असता. पण ती वळली, सगळी गल्ली चालत कडुलिंबापर्यंत गेली आणि मगच दिसेनाशी झाली. मला बाहेर पडायची कळ माहीत होती. तिनंच दाखवली होती. पाच वाजता कंडक्टर आले, शेजारच्या खुर्चीवर बसले, तेव्हाही मी पायरीवरच होते.