ताई भरतीत बसली नाही

फोन आला तेव्हा मी नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात बसलो होतो. तिथे सिकलसेलच्या एका नव्या औषधाची चाचणी सुरू आहे आणि मी त्या चाचणीतला एक रुग्ण आहे. समोरच्या खुर्चीवर समन्वयक बाई माझे कागद पाहत होत्या. "सर, तुमचे रिपोर्ट चांगले आले आहेत," असं त्या हसून म्हणाल्या आणि तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन वाजला. पांढुर्ण्याहून भाऊजींचा होता. "वंदना गेली," ते म्हणाले. मग त्यांनीच सांगितलं, की आदल्या दिवसापासून ताप होता, पहाटे छातीत भरून आलं, नागपूरला आणायला निघाले आणि वाटेतच... मी विचारलं, मला कालच का नाही कळवलं? भाऊजी म्हणाले, "तिनंच नाही म्हटलं. उद्या त्याची दवाखान्याची तारीख आहे, सांगितलं तं तो तिकडे जाणार नाही, त्याले सांगू नका, असं म्हणे."

माझे रिपोर्ट चांगले होते आणि माझी बहीण गेली होती. या दोन गोष्टी मला एकाच वेळी, एकाच खुर्चीत बसून कळल्या. त्याला आता काही आठवडे झाले. लोक भेटायला येतात, सांत्वन करतात. त्यांना वाटतं मी दुःखात आहे. दुःख तर आहेच. पण माणसांसमोर मान वर होत नाही ती दुःखानं नाही, लाजेनं.

आम्ही दोघं रामाकोन्याचे. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. सिकलसेल आम्हा दोघांनाही आई-वडिलांकडून आला, पण ते कळायला फार वर्षं लागली. तोवर घरात त्याला नुसतं 'हाडं दुखणं' म्हणायचे. थंडी पडली की दोघांचे हातपाय सुजायचे, डोळे पिवळे व्हायचे. शाळेतली मुलं ताईला 'हळद' म्हणून चिडवायची. एकदा तिनं खरंच घरातून मूठभर हळद नेली आणि चिडवणाऱ्या मुलीच्या गालांना फासून आली. "आता आपण दोघी मैत्रिणी," असं तिला म्हणाली म्हणे. ती मुलगी पुढे तिची खरोखर मैत्रीण झाली.

दुखणं दोघांचं एकच, पण माझं सौम्य आणि तिचं जहाल. का, ते कोणी सांगू शकलं नाही. मी शिकलो, सौंसरला शिक्षक झालो. तिचं लग्न पांढुर्ण्याच्या भांड्यांच्या दुकानदाराशी झालं. लग्नाआधी तिनं स्वतः मुलाला बाजूला बोलावून आजाराची सगळी हकीकत सांगितली. आईला ते अजिबात आवडलं नव्हतं. भाऊजी म्हणाले, "मले माहीत झालं ना, आता मी पाहून घेईन." त्यांनी पाहूनही घेतलं. तिचा खुबा निकामी झाला, रक्त चढवायची वेळ पुन्हा पुन्हा येऊ लागली, मूल झालं नाही. पण त्या घरात तिला कोणी कधी घालूनपाडून बोललं नाही.

चाचणीचं तिनंच शोधून काढलं. अंथरुणावर पडल्यापडल्या तिला फोनवर वाचायचा नाद होता. एके दिवशी मला फोन केला. "अरे, इथं एक मोठी यादी आहे. कुठल्या कुठल्या रोगांवर नवीन औषधं तपासून राहिले, त्याची. मधुमेह आहे, दमा आहे, सांधे आहेत, कातडीचे रोग आहेत. खाली खाली गेली तं आपला सिकलसेल! आणि समोर लिहिलं आहे, भरती सुरू. नागपूरलेच आहे. भरती म्हणजे पोलीस भरतीसारखी असते का रे?"

"तशीच समज," मी म्हणालो. "उंची, छाती मोजतील."

"मग तं मी उंचीतच बाद होते बाप्पा," असं म्हणून ती हसत सुटली.

नागपूरला मी तिला सोबत म्हणून गेलो होतो, एवढंच. संमतीपत्र देणाऱ्या बाईंनी आमचा पत्ता पाहून विचारलं, "मध्य प्रदेशातून आलात, तर हिंदीत देऊ?" ताई म्हणाली, "मराठीतच द्या. आमचं दुखतं मराठीत." मग तिनं तो लांबलचक मजकूर ओळ अन् ओळ वाचला, बोट ठेवून प्रश्न विचारले. निम्म्या लोकांना खरं औषध, निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी साधी गोळी. कोणाला काय मिळालं ते रुग्णालाही ठाऊक नसतं आणि डॉक्टरांनाही. तिला ते पटलं. "बरोबर आहे. नाही तं आपलं मन आपल्याले फसवते," ती म्हणाली. सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं. "तू पण सही कर, रक्त दे."

"मला कशाला? मी बरा आहे ना."

"वर्षातून दोनदा कोपऱ्यात पडून दात खात असतोस, ते बरं आहे का? दे."

मी रक्त दिलं. तिच्या आग्रहाखातर दिलं. नंतर कित्येकदा वाटलं, त्या दिवशी मी बाहेर चहा प्यायला गेलो असतो तर...

निकाल सांगायला दोघांनाही बोलावलं. डॉक्टर तरुण होते, बोलण्यात मऊ होते. ते म्हणाले, की मी निकषांत बसतो. ताई बसत नाही. तिच्या किडन्या आजारानं दुबळ्या झाल्या आहेत आणि नवं औषध अशा किडन्यांना कितपत झेपेल, हे अजून कोणालाच माहीत नाही; म्हणून तिच्या जिवाला धोका नको यासाठीच तो नियम आहे. ताईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे मी जास्त बिमार आहे म्हणून मले नाही, आणि हा कमी बिमार आहे म्हणून याले, असंच ना?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "अभ्यासापुरतं तसंच आहे, ताई. तुमचा नेहमीचा उपचार आम्ही सोडणार नाही."

"नाही, तुमचं काही चुकलं नाही," तीच त्यांची समजूत घालू लागली. बाहेर आल्यावर मी जिन्यावरच थांबलो. तिनं माझ्या पाठीवर थाप मारली. "पाह्य, म्हटलं नव्हतं मी? बसली नाही उंचीत. चाल, भूक लागली."

गोळ्या सुरू झाल्या. पहिला हिवाळा गेला आणि माझी हाडं दुखली नाहीत. पावसाळा गेला, तरी नाही. शाळेचे दोन मजले मी न थांबता चढू लागलो. ताई दर आठवड्याला फोन करायची. "कसं वाटून राहिलं? झोप येते का? भूक?" बारीक बारीक विचारायची. मी "ठीक आहे" म्हणून उडवून लावायचो, तर चिडायची. "ठीक म्हणजे काय? नीट सांग ना. मले ऐकू तं दे."

ऐकू तर दे... घरी बाळंतपण झालेल्या बाईला बाहेरून आलेलं माणूस बाळाचं सगळं विचारतं, तशा हौसेनं ती माझ्या बरं असण्याची चौकशी करायची. मला ते सांगवत नसे. तिच्यासमोर बसताना मी उगाच, दुखत असल्यासारखा, गुडघ्यावर हात ठेवून बसायचो.

मोहगावला मावसभावाच्या लग्नाची वरात निघाली होती. मला कोणीतरी आत ओढलं आणि मी नाचू लागलो. जन्मात पहिल्यांदा, मनापासून. अंगाला घाम आला आणि त्या घामाची भीती वाटली नाही. गिरकी घेताना ताई दिसली. एका घराच्या ओसरीवर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मांडीवर शाल घेऊन बसली होती आणि बँडच्या तालावर टाळ्या वाजवत होती. मी नाचायचा थांबलो. ती तिथूनच ओरडली, "थांबला काऊन? नाच ना! माझ्या वाट्याचं पण नाच!"

मी नाचलो नाही. तिच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "मी ही चाचणी सोडतो आहे, ताई. माझ्यानं होत नाही."

"काऊन? काही त्रास होऊन राहिला?"

"नाही."

"मग?"

मी तिच्या मांडीवरची शाल सारखी केली. तिनं टाळ्या थांबवल्या. बँड पुढच्या वळणाला गेला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुले लाज वाटते. मले कधीचीच समजली आहे ती. येतो तं चोरासारखा बसतो. पण तुझी लाज घेऊन मी काय करू, सांग? लाजेनं माझं एक हाड दुखायचं थांबते का? औषध सोसत नसेल तं खुशाल सोड. पण माझं नाव घेऊन सोडू नको. मरताना मले ते ओझं नाही पायजे." आणि थोड्या वेळानं, अगदी हळू आवाजात, "मले राग येत नाही असं नाही. येतो. तुझा नाही, पण येतो. रात्री दुखते तेव्हा येतो. सकाळी जातो."

आयुष्यात तिनं मला एवढं एकच कबूल केलं. एरवी सगळं हसण्यावारी नेलं.

ती गेल्यावर घरात सुतक होतं त्या दिवसांत मी गोळी घेतली नाही. डबी समोर असायची आणि हात जायचा नाही. नंतर नागपूरला जाऊन समन्वयक बाईंना खरं ते सांगितलं. त्यांनी रागावून नाही, नीट समजावून सांगितलं, की थांबायचा हक्क तुमचा आहे, केव्हाही थांबा, कोणी काही विचारणार नाही. शेवटी नवी डबी घेऊन आलो. ताईच्या शब्दासाठी घेतली की मला बरं राहायचं होतं म्हणून घेतली, हे मी स्वतःला अजून विचारलेलं नाही.

मी घेतो ती गोळी औषध आहे की साधी, हेही मला अजून माहीत नाही. चाचणी संपल्यावर सांगतील. कधी कधी मनात येतं, की ती साधीच निघावी आणि ते औषधही कुचकामी ठरावं. म्हणजे ताईचं काहीच हुकलं नाही असं म्हणता येईल. पण मग काहीच न घेता मी धडधाकट राहिलो आणि ती गेली, याचं काय करायचं? आणि माझ्या शाळेत चौथीत एक मुलगी आहे, थंडीत बाकावर डोकं टेकून पडून असते. तिच्यासाठी तरी ते औषध खरं निघायला हवं. एवढं समजूनही, माझ्या मनाच्या सोयीसाठी मी ते खोटं निघावं असं इच्छितो. तेव्हा स्वतःचीच किळस येते.

मागच्या रविवारी पांढुर्ण्याला गेलो. तेरवीनंतर पहिल्यांदाच. भाऊजी दुकानात होते. घरात ताईच्या सासूबाई एकट्याच. मी त्यांना मावशी म्हणतो. मी टेकलो तिथे बाजूलाच पाण्यानं भरलेला स्टीलचा गडवा होता, वर पेला पालथा घातलेला. नजर फिरवली तर खिडकीत एक गडवा, टीव्हीजवळ एक, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी एक. सिकलसेलवाल्याला सारखं पाणी प्यावं लागतं. ताईला वारंवार उठता यायचं नाही म्हणून बसेल तिथे हाताशी असावं, अशी तिनं ही सोय केलेली. स्वतः प्यायची आणि समोरच्यालाही पाजायची. तुम्हाले काही झालं नाही म्हणून काय झालं, प्या, म्हणायची.

"मावशी, अजून भरता हे?"

"भरतो ना. सकाळी हा भरते सगळे. दुकानात जायच्या आधी." हा म्हणजे भाऊजी. "मी म्हटलं, आता कोणासाठी रे बाबू? तं म्हणे, आपणच पिऊ. आता मले पण सवय झाली. दिवसभरात संपते सगळं."

त्यांनी उठून पेला सरळ केला, काठोकाठ भरला आणि माझ्यापुढे धरला. मला तहान नव्हती. मी दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवू लागलो.

"पूर्ण पी," मावशी म्हणाल्या. "तिच्या घरात अर्धा ठेवत नसतात."

त्या समोर उभ्या राहिल्या. मी मान खाली घालूनच पेला पुन्हा तोंडाला लावला आणि पूर्ण प्यायलो.