मागच्या सीटवरचा उजवा पाय

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणहून परत येत होतो. दोन कंटेनरांच्या मधून वाट काढत गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि मगच फोन घेतला. चालत्या गाडीत घेतला असता तर दाजी त्याही अवस्थेत उठून बसले असते. अक्का एवढंच म्हणाली, "गेले रे..." आणि थोडं थांबून, "सावकाश ये." चाळीसेक वर्षं संसार केल्यावर माणसाची वाक्यं अशी दुसऱ्याच्या तोंडात जाऊन बसतात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. परभणीकडचे. पोलीस खात्यात चालक म्हणून लागले आणि नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी नव्या चालकांना गस्तीची गाडी शिकवण्यात घालवली. घर पुनावळ्याला. आजूबाजूला उसाऐवजी इमारती उगवू लागल्या तेव्हापासून ते तिथे होते. मी सांगवीला राहतो, कॉलेजात इतिहास शिकवायचो. दाजी मला 'प्रोफेसर' म्हणत. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मी कधी खोलात जाऊन तपासलं नाही.

आमच्याकडे वडीलधाऱ्याला गाडीत पुढे बसवायची पद्धत आहे. दाजी मात्र कुणाच्याही गाडीत मागे, चालवणाऱ्याच्या बरोबर पाठीशी बसायचे. नातेवाइकांना आधी तो विनय वाटला, मग तुसडेपणा. खरं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. माझ्या गाडीतून आळंदीला एका लग्नाला चाललो होतो. मधेच मागून खालच्या बाजूने 'धप' असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा. मला वाटलं, गाडीत काहीतरी निखळलं.

"दाजी, काय वाजतंय?"

"माझा पाय. ब्रेक दाबतोय."

"तिथे ब्रेक नाहीये."

"त्याचंच तर वाईट वाटतंय, प्रोफेसर."

हा उजवा पाय म्हणजे त्यांची परीक्षा होती. खात्याचा छापील तक्ता होता. चढावर गाडी थांबवणे, उलटी घेणे, अरुंद जागी वळवणे, असे रकाने होते. दाजी ते सगळं इमानाने भरायचे, पण निकाल पायाचा. शिकाऊ चालक गाडी चालवतोय, दाजी मागे बसलेत आणि पाय आपोआप दाबला गेला, तर तो नापास. का, विचारलं तर म्हणायचे, "मला भ्या वाटलं म्हणून दाबला. मी तीस वर्षं चालवतोय तरी मला भ्या वाटलं. मग मागं बसलेल्या रक्तबंबाळ माणसाला काय वाटंल?" त्यामुळे नव्या माणसाला ते पहिले काही दिवस स्टिअरिंगला हात लावू देत नसत. मागच्या बाकावर बसवायचे आणि स्वतः चालवायचे. गस्तीच्या गाडीच्या मागे कोण बसतं? जखमी, आरोपी, हरवलेलं पोर, मार खाऊन घर सोडलेली बाई. त्यातलं कुणीही तिथे हौसेनं येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

गाड्यांची तुलनाही ते मागे बसूनच करत. पेपरात नव्या गाड्यांच्या बातम्या येत, त्यात इंजिनाची ताकद, दिव्यांची पट्टी, सायरनचे प्रकार. दाजी ते वाचून पेपराची घडी घालत आणि म्हणत, "मागच्या बाकाचं काय ते लिहिलंच न्हाई." त्यांच्या लेखी जुनी जीप म्हणजे लोखंडी खाट. उन्हाळ्यात तापायची, पावसात ताडपत्रीतून गळायची, स्टिअरिंग फिरवताना खांदे भरून यायचे. पण ती चालवणाऱ्याला शिकवायची. जोरात पळवली की सगळे सांधे बोंबलायला लागायचे, माणूस आपोआप वेग कमी करायचा. नंतरच्या उंच, पेटीसारख्या डिझेल गाड्या ऐसपैस. वळणावर मात्र डुलायच्या आणि मागच्याला मळमळायचं. आणि आताच्या नव्या गाड्या... "लई गुणाच्या," ते कबूल करायचे. "एका बोटानं वळतात. ब्रेक तर असा, की नुसतं मनात आणावं. पण मुक्या हाईत. किती जोरात चाललोय ते सांगतच न्हाईत." आणखी एक तक्रार पुढच्या काचेशेजारच्या खांबाची. तो सुरक्षेसाठी जाड केलाय हे त्यांना मान्य होतं. पण त्या खांबाआड एक अख्खी मोटारसायकल मावते. चाकणच्या पट्ट्यात शिफ्ट सुटल्यावर मोटारसायकली कुठून येतात हे त्या चालवणाऱ्यांनाही नक्की ठाऊक नसतं. म्हणून वळण्याआधी सीटवरून पुढे झुकून खांबाच्या अलीकडे-पलीकडे बघायचं, ही सवय ते घोटून घ्यायचे.

त्या नव्या गाड्या आल्या तेव्हा अर्थातच सोहळा झाला. मंडप, हिरवा झेंडा, प्रत्येक गाडीच्या टपापासून बॉनेटपर्यंत झेंडूच्या माळा. 'अत्याधुनिक' हा शब्द भाषणांतून इतक्या वेळा आला, की शेवटी शेवटी तो एखाद्या उपस्थित पाहुण्याचं नाव असावा असं वाटू लागलं. दाजींनी मला मुद्दाम बोलावलं होतं. त्या रांगेत मनीषा नावाची हिंगोलीकडची एक चालक असणार होती. फोटोत एखादी मुलगी हवी, असं वरच्यांनाही वाटत होतं. ती चालवायचीही उत्तम. पण आदल्या दिवशी चाकणच्या चौकात, मोटारी वाहून नेणाऱ्या लांबलचक ट्रेलरच्या मागून एक मोटारसायकल आली. मनीषाने ब्रेक वेळेत मारला, कुणाला खरचटलंही नाही. मागे दाजींचा पाय मात्र तिच्या आधी पडला होता.

सकाळी मंडपामागे ती त्यांच्यासमोर उभी होती. गणवेशाला कडक इस्त्री.

"सर, वाचवलं ना मी त्याला?"

"वाचवलंस. पण तुला उशिरा दिसला. झुकली न्हाईस."

"सर, बाबा आलेत गावाहून. रात्रभर एसटीत बसून."

दाजींनी मंडपाकडे बघितलं. मग म्हणाले, "मग त्यांना सावलीत बसव. मंडपाच्या त्या टोकाला ऊन येतं."

तिच्या गाडीवर दुसरा चालक बसला. तिचे वडील पांढरा सदरा आणि टोपी घालून सावलीत बसले होते. प्रत्येक गाडीत ते आपली पोर शोधत राहिले. झेंडा हलला, गाड्या निघाल्या. फाटकाबाहेर, पहिल्याच वळणाआड, दाजी हात आडवा करून उभे. प्रत्येक गाडी थांबवून काचेवरच्या माळा उतरवायला लावल्या. "देव घरी बसवा. हितनं रस्ता दिसला पायजे." जवळच्या वडापाववाल्याची गाडी त्या दिवशी लग्नघरासारखी दिसत होती.

अक्काला हे कळलं तेव्हा तिने भांडण केलं नाही. तिने बोलणंच बंद केलं, जे जास्त वाईट. पुढे कितीतरी दिवस, मी जेवायला गेलो की, त्यांना पोळी वाढताना ती माझ्याकडे बघून बोलायची. "पोरीच्या बापाला बघायला मिळालं असतं तर काय बिघडलं असतं रे?" मलाही तेव्हा वाटलं, माळांच्या बडेजावापुढे हा दुसरा बडेजाव, तत्त्वाचा. दाजींनी स्वतःची बाजू मांडली नाही. तिला पुन्हा तयार करायचं त्यांच्या मनात होतं, पण त्याआधी ते निवृत्त झाले. मनीषाला दुसऱ्या कुणीतरी पास केलं आणि ती गस्तीवर रुजू झाली.

या उन्हाळ्यात एका संध्याकाळी दाजींच्या छातीत कळ आली. अक्काने मदतीला फोन लावला. रुग्णवाहिका कुठल्यातरी चौकात अडकली होती. आधी पोहोचली ती पोलिसांची गाडी. चालवणारी मनीषा होती. तिने दाजींना ओळखलं. सोबतच्या शिपायाच्या मदतीने त्यांना मागे बसवलं आणि निघाली. शिफ्ट सुटण्याची वेळ, कंपन्यांच्या बसेस, उलट्या बाजूने घुसणारे दुचाकीवाले. दाजींचं डोकं अक्काच्या खांद्यावर होतं. दवाखान्यात वेळेत पोहोचले. त्यानंतरचे काही दिवस मिळाले ते त्या प्रवासामुळे, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसांत दाजी फार बोलू शकले नाहीत. अक्काशी थोडं बोलले, माझा हात धरला. मनीषाबद्दल काही नाही.

दहाव्यानंतर ती भेटायला आली. साध्या कपड्यांत. चहा घेतला, फोटोला नमस्कार केला, उठली. दारापाशी चपला घालता घालता थांबली.

"काकू... सर काही म्हणाले का? त्या दिवशीचं?"

अक्का सहज म्हणू शकली असती, हो, शाबास म्हणाले. अशा वेळी सगळेच म्हणतात, आणि ऐकणाऱ्यालाही ते तसंच हवं असतं. अक्का म्हणाली, "नाही गं. काही बोलले नाहीत." मनीषाने मान हलवली. मग अक्का म्हणाली, "पण मी सारखी त्यांच्या पायाकडं बघत होते. एवढ्या वर्षांची सवय मला. घरापासून दवाखान्यापर्यंत एकदाही दाबला नाही."

मी तिथेच होतो. मला लगेच सुचलं, की त्या अवस्थेतल्या माणसाच्या पायात दाबण्याइतकं बळ कुठून असणार. माझा स्वभावच तसा आहे. ते मी मनातच ठेवलं. मनीषा उंबऱ्यातच खाली बसली. अक्का तिच्याशेजारी बसून राहिली. दाजींवरचा अक्काचा राग कधी गेला ते मला माहीत नाही. पण तो गेलाय हे मला त्या दिवशी दिसलं.

परवा माझी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. तिथला माणूस बुचकळ्यात पडला. "काका, ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट झिजतं. तुमचं मागचं कसं काय झिजलं?" ड्रायव्हरच्या सीटमागे, उजव्या बाजूला, टाचेएवढा एक खळगा पडलाय, रबर पार गुळगुळीत झालंय. तो नवीन टाकून देतो म्हणाला. मी राहू दे म्हटलं. परत येताना वळणावर सीटवरून पुढे झुकलो, खांबाच्या अलीकडे बघितलं, पलीकडे बघितलं. कुणी नव्हतं. तरीही गाडी थोडी हळू घेतली, आणि मागून आवाज येतो का ते ऐकत राहिलो.