मधल्या ओळीतला सेल

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ नाही. विहारात पंचशील म्हणताना चौथ्या, म्हणजे खोटं न बोलण्याच्या शीलाला मला दर वेळी खोकला येतो. शेजारची बाई आल्याची वडी पुढं करते. सात वर्षं त्या वड्या खातेय मी.

तेव्हा बासष्टची होते. वयानं बासष्ट — अकलेनं बारा. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर जिंदगी काढलेली. दुसऱ्याच्या मालाला लाल टिकली चिकटवून बाजूला टाकायचं, हेच काम. रिटायर झाले तरी टिकली सुटली नव्हती. भाजीवाल्याच्या वांग्यांनाही मनातल्या मनात लावायचे.

माझा धाकटा भाऊ मधू. आयुष्यभर लोकांच्या गाड्यांखाली पाठीवर पडून काम केलेला माणूस. गॅरेज सुटल्यावर त्यानं आपली जुनी कार विजेवर चालवायचं मनावर घेतलं. गारखेड्यातल्या आमच्या अंगणात इंजिन काढलं, मोटर बसवली. गल्लीतले तीन रिक्षावाले रोज येऊन बघायचे — ही चालली तर आमच्या रिक्षाही करून द्या म्हणायचे. साठीला टेकलेल्या माझ्या भावाला नवा धंदा दिसत होता. कुणाला मिळतं असं?

राहिली बॅटरी. लॅपटॉपमधले जुने बारके सेल भंगारात मिळत होते. ते मी नाकारले. लिथियमचेच, पण लोह-फॉस्फेटवाले नवे घेऊ म्हटलं — आपल्या उन्हाळ्यात पत्रा तापतो, हे सहसा पेट घेत नाहीत. इथवर मी शहाणी. बत्तीस लागणार होते, चौतीस मागवले. विटेएवढा एकेक सेल मीच तपासणार, मीच निवडणार, असं जाहीर केलं.

आणि काय तो थाट! चष्मा नाकावर, मीटरच्या वायरी हातात, रिक्षावाले समोर उभे. दोन सेलांचा आतला रेझिस्टन्स बाकीच्यांपेक्षा जरासा जास्त आला. मधू म्हणाला, "अक्का, चालतंय की गं." चालतंय? बाईसाहेबांनी लाल टिकल्या लावल्या. रिजेक्ट! त्या दोघांवर आजही त्याच्या घरी दिवा जळतो — बिनतक्रार.

दुसऱ्या दिवशी मधू सेल जोडायचे नट आणायला उस्मानपुऱ्यात गेला. मी एकटी. दोन हातांत दोन सेल उचलले, तरणी असल्यागत. एक निसटला — ओट्याच्या कोपऱ्यावर. अंगठा बसेल एवढा पोचा.

एवढंच? एवढंच असतं तर खोकला कशाला आला असता?

मीटर लावला. आकडा बरोबर. पण पोचा पडलेला सेल वापरायचा नसतो, हे मला ठाऊक नव्हतं? कारखान्यात असा नग दिसला असता तर पाठवणाऱ्या पोरीला मी रडवलं असतं. टाकलेल्यांतला एक परत घ्यायचा, बस. पण मग सांगावं लागलं असतं — अक्काच्या हातून पडला. मी पोच्यावर निळी टेप चिकटवली आणि तो सेल मधल्या ओळीत बसवला. पोचा आतल्या बाजूला.

चार महिने गाडी लई छान चालली. मग एप्रिलमधल्या एका दुपारी, आमच्या दारातच, मागून पांढरा धूर निघाला. मधूनं डिकी उघडली आणि जोडणी हातानंच ओढून तोडली. दोन बोटं भाजली. टेप वितळली होती आणि सेल एवढा फुगला होता की पोचा ओळखूच येईना.

मधू त्या सेलकडं बघत म्हणाला, "नट जास्त आवळला गं मी. तिथंच चिरला असंल. तू एवढं निवडून दिलं अन् मी घाण केली. माफ कर, अक्का."

आता ऐका. खरा खोकला इथला आहे. गप्प बसले असते तर भित्री म्हणून तरी सुटले असते. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, "जाऊ दे रे. केलं माफ."

केलं माफ. मी — त्याला.

रिक्षावाले यायचे बंद झाले. एकजण जाता जाता बोललाच, "काय मिस्तरी, नट आवळता येईना व्हय आता?" मधू हसला. पुढच्या महिन्यात त्यानं हत्यारं विकून टाकली. कुणी विचारलं की आपणहून सांगतो, माझ्याच हातानं घात केला. मी शेजारी बसलेली असते. मान हलवते.

परवा आला होता. कुकरच्या दांड्याचा स्क्रू ढिला झाला होता, मी म्हटलं, आवळून दे. त्यानं पेचकस घेतला, अर्धा फेरा दिला आणि थांबला. मग तो माझ्या हातात ठेवला.

"तूच आवळ, अक्का. माझ्या हाताला अंदाज राहिला नाय."

मी घेतला. तो बघत होता. मी आवळला.