मेन बंद करणारे चाचा

भूकंप सगळ्या लातूरनं पाहिला, पण तो पुढं आयुष्यभर सांभाळला फक्त आमच्या घरमालक चाचांनी. धंद्यानं ते टेलर. वर ते एकटे, खाली मी भाडेकरू, आणि दोघांत मिळून एक नेट. राउटरला त्यांनी पडद्याच्या कापडाची पिशवी शिवून ती दाराजवळच्या खिळ्याला अडकवली होती, पळताना हाताशी यावी म्हणून. रस्त्यानं वाळूचा ट्रक गेला आणि खिडकीची तावदानं जराशी थरथरली, की चाचा आधी मेन स्विच खाली ओढत आणि मग अंगणात धावत. ट्रक पार चौक ओलांडून गेलेला असे, चाचा अजून अंगणातच.

पण मुलगी परदेशात. इथल्या क्लासमध्ये घोकून घोकून ती डॉक्टरकीला गेली होती, आणि संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला की चाचांचा दिवस सार्थकी लागे. आमच्या बोळात मोबाइलला रेंज नाही, सगळी भिस्त नेटवर. मेन बंद केला की कॉल तुटे, आणि पुन्हा लावला तरी नेट काही लवकर येत नसे. शेवटी कनेक्शनवाल्यानं उलगडा केला. राउटर म्हणे नाव आणि पासवर्ड सांगून कंपनीच्या बोगद्यात शिरतो. वीज अचानक गेली की निरोप न घेताच बाहेर पडतो. तिकडच्या यंत्राला वाटतं, हे गृहस्थ अजून आतच आहेत, मग त्याच नावाच्या दुसऱ्याला ते दारात उभं करत नाही. त्याची समजूत पटेपर्यंत थांबायचं.

"म्हंजे मी आत बी हाय अन् मीच भाइर उभा हाय?" चाचांनी विचारलं.

"हाव. म्हणून मेन पाडायच्या आधी लॉगआउट करत जा," कनेक्शनवाला म्हणाला.

"भूकंप थांबतो का लॉगआउट होस्तोवर?"

मुलगी मात्र रडकुंडीला यायची. एकदा तिनं बजावलं, "अब्बा, मी बोलून राहिले तवर उठायचं न्हाई." चाचांनी कबूल केलं. ट्रक आला. चाचांनी दोन्ही हातांनी खुर्ची गच्च धरली, पण राहवेना. "बेटा, तू बी भाइर निघ," असं तिला सांगून ते उठलेच.

गेल्या उन्हाळ्यात चाचा गेले. नेट अजून त्यांच्याच नावानं आत जातं, ते बदलायला माझा हात धजत नाही. मुलगी आता मला कॉल लावते. "काका, आता मधूनच कुणी उठून जात न्हाई," ती परवा म्हणाली, आणि मला चाचांची फार आठवण आली. तेवढ्यात बाहेरून वाळूचा ट्रक गेला. तावदानं थरथरली.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुम्ही बी भाइर निघा."

मी मेन खाली ओढला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. तिकडच्या यंत्राला अजून वाटत होतं, चाचा आतच आहेत.