बाजाराच्या दिवशीचं टेबल

हॉटेलात खाल्लेलं घरी पोचेपर्यंत जिरतं. तिथं झालेलं बोलणं काही जिरत नाही, ते साठत जातं. मोताळ्याच्या आमच्या गल्लीतल्या आम्ही चौघी बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन झाली की बसस्टँडजवळच्या हॉटेलात बसायचो. त्या टेबलावरचे इतके किस्से माझ्याजवळ झालेत, की शाळेत मधल्या सुट्टीत एक सांगायला घेतला तर दुसरा आपोआप तोंडात येतो. स्टाफरूम हसते. मीही हसते. मग बेल होते आणि मला बरं वाटतं, कारण पुढचे मला सांगायचे नसतात.

चौघी म्हणजे कोण, ते आधी सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणून गल्लीला मी 'मॅडम'. मंदाताई ब्लाऊज शिवतात. कात्रीपेक्षा जीभ धारदार. छाया आमच्यात लहान, बी.ए. झालेली सून, हातात सदा फोन. आणि पंचफुलाकाकू. साठीच्या घरातल्या. लग्न होऊन मोताळ्यात आल्या त्या दिवसापासून रोज दोन वेळ चुलीपुढं, आणि पुढं गॅसपुढं.

हे सगळे किस्से खरं तर काकूंचेच आहेत.

*

पहिल्या दिवशी काकू हॉटेलच्या पायरीवरच थांबल्या. पिशवीतून मेथीची जुडी डोकं काढून बघत होती.

"तुमी खाऊन घ्या वं. मी पिशव्या सांभाळते इथं."

"पिशव्या काय पळून जाणार हायेत?" मंदाताईंनी त्यांचा हात धरून आत ओढलं.

काकू खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या, उठायला सोपं जावं म्हणून. वासुदेव नावाचा तिथला वेटर, केस पिकलेला माणूस, पाण्याचे ग्लास घेऊन आला तर काकू उभ्या राहिल्या. "दे भाऊ, मी देते सगळ्यायले."

आलुबोंडे झाले. आम्ही कागदाला हात पुसतोय तोवर काकूंनी चारही प्लेटा एकावर एक रचल्या, वर चमचे, वर ग्लास, आणि निघाल्या थेट भटारखान्याकडं! वासुदेव मागं धावला. "काकू, राहू द्या! राहू द्या!"

"मोरी कुठं हाये?"

"काकू, इथं भांडी आपण नसतात घासायची," छाया म्हणाली.

"मंग आपल्याले काय करा लागते?"

"काहीच नाही. बसायचं फक्त."

काकू परत येऊन बसल्या. दोन्ही हात मांडीवर ठेवले. थोडा वेळ तशाच राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बाई! हे तं लय अवघड काम हाये!"

*

एकदा वासुदेव ऑर्डर घ्यायला आला. मंदाताई म्हणाल्या, "आन काहीही." मी म्हटलं, "मलाही चालेल काहीही." काकू म्हणाल्या, "माहं काय, मले काहीही चालते."

वासुदेवानं चेहरा न हलवता सांगितलं, "काहीही संपलं. आता जे आहे त्यातलं सांगा."

आम्ही हसून हसून लोटपोट! काकू मात्र हसल्या नाहीत. त्या भिंतीवरच्या फळ्याकडं बघत होत्या.

"थांब भाऊ. मले कोनी असं इचारलं नाही आजवर. इचार करू दे."

वासुदेव थांबला. शेजारच्या टेबलावरची माणसं चहा पिऊन उठून गेली. काकू अक्षराला अक्षर जोडत फळा वाचत होत्या. शेवटी बोट वर केलं.

"हे. डो... सा."

*

आता आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. बाजारात 'सांबार दे' म्हटलं की हिरवी जुडीच हातात येते. वासुदेव काही वर्षं नाशकात राहून आलेला. त्यानं डोसा ठेवला आणि विचारलं, "सांबार आणू?"

"आन नं. थोडासा."

"वरून टाकू?"

"वरूनच टाकतेत, बाप्पा. खालून कोन टाकते?"

वासुदेवानं वाटी उचलली आणि कुरकुरीत डोशावर सगळं सांबार ओतलं!

काकू बघतच राहिल्या. "सांबार म्हनला अन् तुरीचं वरन ओतलं यानं!"

मंदाताईंच्या नाकातून चहा आला. वासुदेव बिचारा दुसरा डोसा आणतो म्हणाला, पण काकूंनी प्लेट सोडली नाही. "रांधलेलं फेकत नसतेत." भिजलेला डोसा त्यांनी चमच्यानं शेवटपर्यंत खाल्ला. नंतर दर वेळी तसाच मागायच्या. भिजवून.

*

छायाला सवय अशी, की खाऊन झालं की फोनवर हॉटेलला स्टार द्यायचे आणि दोन ओळी लिहायच्या. ती आमची मतं घ्यायची. मंदाताईंकडून कोणी सुटलं नाही. "पोह्याले तेल एवढं, का समईले पुरन." "शेवभाजीतली शेव कालची अन् भाजी परवाची." काकूंना विचारलं की एकच उत्तर, "पाच दे."

"काकू, एखादा तरी कमी करा. लोकांना खोटं वाटतं."

"रांधनाऱ्याले उन्हाचं भट्टीजवळ किती वेळ उभं राहा लागते, ते इचारते काय तुहा फोन?"

"नाही."

"मंग दे पाच."

फक्त एकदा हे मोडलं. पिंपळगाव राजाला मंदाताईंच्या भाचीच्या साखरपुड्याला गेलो होतो. परतताना रस्त्यावरच्या एका ढाब्यावर थांबलो. मागं मालकाची बायको भाकरी थापत होती. भाकरी काय होती! पापुद्रा असा सुटलेला की आतली वाफ दिसावी. मंदाताईसुद्धा गप्प बसून खात होत्या.

इतक्यात एका गिऱ्हाईकाची भाकरी यायला उशीर झाला आणि मालक सगळ्यांसमोर बायकोवर ओरडला. नको ते बोलला. ती मान खाली घालून थापतच राहिली.

छायानं गाडीत बसल्यावर फोन काढला. "काकू, इथं तर पाचच ना?"

"शून्य टाक."

"शून्य देता येत नाही काकू. कमीत कमी एक तरी द्यावाच लागतो."

काकूंनी वळून ढाब्याकडं पाहिलं. "मंग तो एक तिच्या भाकरीले दे. अन् खाली लिही, हा त्याले नोहे."

छायानं तसंच लिहिलं. तेवढंच.

*

मागच्या वर्षी तुरी निघायच्या सुमारास काकूंनी डोसा अर्धा ठेवला. आम्हाला वाटलं, सकाळी जास्त जेवल्या असतील. पुढच्या बाजाराला नुसता चहा घेतला. त्याच्या पुढच्या बाजाराला आल्याच नाहीत.

बुलढाण्याला दाखवलं, मग अकोल्याला. पोटात गाठ होती आणि ती पसरली होती. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं तेव्हाच आम्ही काय ते समजलो. पाण्याचा घोट राहत नव्हता पोटात.

बाजाराच्या दिवशी आम्ही तिघी त्यांच्या खाटेजवळ बसून होतो. काकू म्हणाल्या, "इथं काय बसल्या? जा नं हॉटेलात. अन् आल्यावर मले सांगजा, काय काय खाल्लं ते."

गेलो. वासुदेवानं सवयीनं पाण्याचे चार ग्लास ठेवले. मग एक उचलून परत घेऊन गेला. विचारलं काही नाही. आमचा चहा तसाच निवला. खायचं कोणालाच सुचलं नाही.

परत आलो तर काकू उशीला टेकून वाटच बघत होत्या. "काय खाल्लं?"

छाया माझ्याकडं बघायला लागली, मी मंदाताईंकडं. आणि मंदाताई सुरू झाल्या! "काय सांगू काकू, आज तं त्यानं पाटोडीचा रस्सा केलता. तर्री अशी लाल! भाकरी ज्वारीची, पातळ. वांग्याचं भरीत, त्याच्यावर कांद्याची पात. मॅडमनं तं दोनदा घेतलं. शेवटी गरम जिलेबी."

काकू डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच विचारायच्या, "रश्शात खोबरं होतं काय?" "होतं नं, भाजलेलं." "मीठ?" "बरोब्बर." जिभेवर काही नसताना काकू हळूहळू आवंढा गिळत होत्या.

मंदाताई थांबल्या. तोवर त्यांच्याच डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

काकूंनी डोळे उघडले. "मंदे, त्या हॉटेलात पाटोडी करतच नाहीत."

मंदाताईंनी पदरानं डोळे पुसले.

"पन लय बेस रांधली तू," काकू म्हणाल्या. "छाये, पाच दे इले."

*

तेराव्याच्या सकाळी ओसरीवर बायका जमल्या होत्या. आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ करून पानावर ठेवतात. काकूंची नणंद परातीत पीठ घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "वयनीले काय आवडे? सांगा, म्हंजे करता येईन."

काकूंचा मुलगा गजानन पुण्याहून आलेला. तो म्हणाला, "आईला भरीत आवडायचं."

"ते तुले आवडे," नणंद म्हणाली.

"ठेचा?" काकूंच्या मुलीनं विचारलं.

"ठेचा तं तुह्या बाबासाठी होये."

"मग पुरणपोळी?"

"सणाले करे. खाये का नाही, कोनं पाह्यलं?"

सगळ्यांनी शेषरावकाकांकडं पाहिलं. काकूंचे यजमान. ते खांबाला टेकून बसले होते, खांद्यावर दुपट्टा.

"तिनं कधी सांगतलं नाही," ते म्हणाले.

परातीतलं पीठ तसंच राहिलं. तेव्हा बायकांच्या मागून छाया म्हणाली, "डोसा."

"काय?"

"काकूंना डोसा आवडायचा. बसस्टँडजवळचा. सांबारानं भिजवलेला."

एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. "तेरवीच्या पानावर हॉटेलचा डोसा? असं कुठं असते माय!"

नणंदही घुटमळली. काका मात्र उठून उभे राहिले. गजाननला म्हणाले, "गाडी काढ. ह्या पोरीले संगं घे. कसा पाह्यजे ते तिले ठाऊक हाये."

डोसा आला. कागदात गुंडाळलेला, येईपर्यंत मऊ पडलेला. नणंदेनंच तो पानावर ठेवला, वरून सांबार ओतलं आणि हात जोडले. गजानन पानासमोर बसून लहान पोरासारखा रडला. "मला सांगायचं ना आई," एवढंच म्हणत राहिला.

*

यानंतर आमचं हॉटेलात जाणं बंद पडलं. मंदाताई म्हणायच्या, भाजी घ्यायची आणि घरी यायचं. उन्हाळा तसाच गेला. पेरण्या उरकल्यावर एका बाजारी छायानंच आम्हाला आत नेलं. तेच टेबल. वासुदेवानं पुसून दिलं.

आमची ऑर्डर व्हायची होती तेवढ्यात दारात शेषरावकाका दिसले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात टोपी. ते पायरीवरच उभे होते. गल्लीतल्या बायकांसमोर कधी मान वर करून न बोलणारा माणूस. गजानन पुण्याला न्यायला बघत होता, पण ते गेले नव्हते. एकटेच राहत होते, शेजारून डबा यायचा.

मी उठले. "या ना काका."

"मी बसलो तं चालन काय?"

"बसा की!" मंदाताईंनी खुर्ची ओढली. काका बसले, अगदी कडेला.

वासुदेव आला. "काय आणू बाबा?"

"ती खाये ते आन," काका म्हणाले.

कोण, हे वासुदेवानं विचारलं नाही.

डोसा आला. काकांनी आधी हातानं तोडून पाहिला, हात भरले, मग छायानं चमचा दिला. काका जेवताना बोलत नाहीत हे सगळ्या गल्लीला माहीत. काकूंच्या हातचं उभा जन्म जेवले, पण चांगलं झालं म्हणाले नाहीत आणि वाईट झालं म्हणूनही ताट सारलं नाही. जेवायचे, हात धुवायचे, वावरात जायचे.

ते हळूहळू खात राहिले. मध्ये एकदा थांबून दुपट्ट्यानं तोंड पुसलं, डोळेही त्यातच पुसले. प्लेटमध्ये काही ठेवलं नाही.

वासुदेव प्लेट उचलायला आला. काकांनी प्लेटवर हात ठेवला आणि त्याच्या तोंडाकडं बघून म्हणाले, "चांगला झालता, भाऊ."

मग आमच्याकडं वळले आणि आवाज बारीक करून त्यांनी विचारलं, "असंच म्हना लागते नं?"