वत्सलामावशींची हजेरी

वत्सलामावशी आधी कुत्र्याची नखं बघायच्या आणि मग मालकाचं तोंड. बरकतपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत कुणी नवा कुत्रा आणला की त्या फाटकाशी थांबायच्या, वाकून त्याचा पुढचा पंजा हातात घ्यायच्या, नखांच्या कडांवरून अंगठा फिरवायच्या आणि निकाल द्यायच्या. "हा फिरतो." किंवा, "ह्याला तुम्ही बांधून ठेवता." रोज रस्त्यावर चालणाऱ्या कुत्र्याची नखं आपोआप झिजतात, बांधलेल्याची वाढत जातात, एवढंच त्यामागचं गुपित. पण भली भली माणसं ओशाळायची.

त्या मुलींच्या शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. आमचं त्यांचं नातंही काही नव्हतं, त्या साऱ्या गल्लीच्याच मावशी होत्या. सहावारी साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, रोज संध्याकाळी ओल्या खडूने नव्याने पांढरे केलेले. बुटांशिवाय त्या घरातल्या घरातसुद्धा चार पावलं टाकत नसत. अनवाणी चालणं म्हणजे गणवेशाशिवाय मैदानावर येणं, असं त्यांचं म्हणणं.

मी शेरूला आणलं तेव्हा तो माझ्या दोन तळहातांवर मावत होता. लसी पूर्ण झाल्या त्याच दिवशी पहाटे मावशी दारात हजर. एवढ्या पिल्लाला कशाला, अंगणात खेळेल की, असं मी म्हणालो. "पिल्लाला पाच मिनिटं, जवानाला तासभर, म्हाताऱ्याला झेपेल तेवढं," त्या म्हणाल्या. "पण हजेरी सगळ्यांची. रोजची." कोपऱ्यावर पहिली ऑटोरिक्षा फटफटत गेली तशी शेरूने रस्त्यात बसकण मारली. मी उचलायला वाकलो तर त्यांनी माझा हात बाजूला केला. ऑटो अंगावर येत नाही हे त्याचं त्यालाच कळू दे, म्हणाल्या. आम्ही तिघं पाऊण तास त्या कोपऱ्यावर उभे होतो. सातव्या की आठव्या ऑटोला शेरूने नुसते कान हलवले, तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, "चलो शेरूमियाँ, पास झालात." मला त्या दिवशी कारखान्यात उशिराचा शेरा मिळाला.

तो कारखाना सरकारी होता. पाच वाजता भोंगा व्हायचा आणि आम्ही सुटायचो. मग नव्वदीनंतरचे ते दिवस आले. सगळं एकाएकी खुलं झालं, घरोघरी केबल आली, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी बूथ उभे राहिले, आणि माझ्या बरोबरीचे लोक नोकऱ्या सोडून कुठे कुठे निघाले. आपण मागे राहतोय या धास्तीने मला झोप लागेना. मीही सोडली नोकरी. फॅक्स आणि झेरॉक्सची मशीनं विकणाऱ्या एका कंपनीत शिरलो. सकाळी सातला स्कूटरला किक मारायची ती रात्री दहाला बंद करायची. घरात असलो तरी पाय हलत राहायचे. सुनंदाने, माझ्या बायकोने, एकदा जेवताना माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवला होता.

शेरूला फिरवणं मी कधी सोडलं ते मला सांगता येणार नाही. एक दिवस चुकला, मग दोन. सुनंदाच्या हातात तेव्हा आमची तान्ही मुलगी होती. एका सकाळी स्कूटर काढताना मावशी फाटकात उभ्या दिसल्या. शेरूचा पंजा त्यांच्या हातात होता.

"कोण गैरहजर होतं रे, हा का तू?"

मी काहीतरी टार्गेटबद्दल बोललो. त्यांनी खुंटीवरची साखळी काढली आणि शेरूला घेऊन चालू लागल्या. त्या दिवसापासून सहा वर्षं. कुत्रा माझा, पाय त्यांचे.

शेरू म्हातारा झाला, तोंडाभोवती पांढरा झाला, मागचे पाय धरू लागले. आता त्याला झोपू द्या, असं मी मानभावीपणे सुचवून पाहिलं. झोपूनच पाय आखडतात, माझ्या पायांना विचार, असं म्हणून त्या त्याच्या चालीने चालायच्या. तो थांबला की थांबायच्या. खांबाशी त्याने पाच मिनिटं हुंगत घालवली तरी साखळीला हिसका नाही.

त्या वर्षी टेलिफोनच्या केबलसाठी सगळे रस्ते खणलेले होते. पहाटेच्या अंधुक उजेडात मावशींचा पाय एका चरात गेला. खुब्याचं हाड मोडलं. माझ्या कुत्र्याला फिरवताना मोडलं, हे मी इतकी वर्षं कुणाला धड सांगितलेलं नाही. इस्पितळात मी पोहोचलो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, साखळी कुणी धरली. दुसरं काही मागितलं नाही. "रोज ने त्याला," एवढंच म्हणाल्या. मी हो म्हणालो.

ऑपरेशननंतर त्यांचा भाचा सुधीर त्यांना अंबरपेठेला आपल्या घरी घेऊन गेला. मी दर रविवारी जायचो. त्या विचारायच्या, इराण्याच्या हॉटेलापर्यंत गेला का, खांबाशी थांबला का. मी सांगायचो, गेला, थांबला. मग मी विचारायचो, वॉकर घेऊन चालता ना. "हौ, रोज दारापर्यंत जाऊन येते," त्या म्हणायच्या. मला निघायची घाई असायची. खाटेखाली त्यांचे बूट दिसायचे. बघून मी पायऱ्या उतरायचो. पहिल्या महिन्यात शेरूला चार वेळा बाहेर नेलं असेन मी. पुढच्या तीन महिन्यांत एकदाही नाही.

मग एका रविवारी त्या म्हणाल्या, पुढच्या खेपेला शेरूला घेऊन ये.

त्या सकाळी मी काय केलं ते लिहायला हात जड होतो. माझं नेलकटर घेतलं आणि शेरूची वाढलेली नखं कापली. एक नख खोल कापलं गेलं, आतली शीर तुटली, रक्त आलं. मी हळद दाबली. तो ओरडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. सुधीरच्या जिन्याशी तो दोन पायऱ्यांवरच थांबला. मी त्याला उचलून वर नेलं.

मावशींना बघून त्याचं सगळं अंग हललं. त्यांनी त्याचं डोकं कुरवाळलं, मांडी चाचपली, मग पंजा हातात घेतला. कडांवरून अंगठा फिरला. एकदा, परत एकदा.

"रस्त्यानं झिजलेलं नख गोल असतं रे दिलीप. हे कापलंयस तू."

मी मान खाली घातली.

"किती दिवस?"

"चार महिने."

त्या रागावतील म्हणून मी वाट बघत होतो. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शेरूच्या पंजावरची हळद बोटाने पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "खाटेखालचे बूट काढ."

मी बूट बाहेर ओढले. त्यांच्यावर बोटभर धूळ होती. एकात कोळ्याने जाळं केलं होतं. दर रविवारी मला ते दिसत होते.

"मी पण खोटंच सांगू लाले तुला," त्या म्हणाल्या. "भीती वाटते. एकदा पडलं की जमिनीची भीती बसते. ऑपरेशन झाल्यापासून खाटेवरून उतरले नाही मी." सुधीर दारात उभा होता, त्याने मान फिरवली. डॉक्टर रोज चालायला सांगत होते आणि मावशींनी त्यांचं ऐकलं नव्हतं. "तिघंही गैरहजर. बांध नाड्या."

मी धूळ झटकली, बूट चढवले, नाड्या बांधल्या. वॉकर पुढे ठेवला. एका बाजूला सुधीर, दुसऱ्या बाजूला मी. त्यांनी वॉकर घट्ट धरला. शेरू आधी नुसता बघत होता, मग मागचे पाय ओढत त्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला, रस्त्यावर राहायचा तिथेच. खोलीपासून गॅलरीच्या कठड्यापर्यंत आम्ही गेलो. वाटेत तो दोनदा थांबला. त्याही थांबल्या.

त्यानंतर मी शेरूला रोज पहाटे नेलं. त्याचे पाय पूर्ण सुधारले नाहीत. त्या चार महिन्यांत गेलं ते गेलंच. तरी तो दीड वर्षं माझ्याबरोबर चालला, शेवटी शेवटी फाटकापासून खांबापर्यंत.

मावशी त्याच्या आधी गेल्या, पुढच्या उन्हाळ्यात, झोपेत. तेराव्याला सुधीरने मला त्यांचे बूट दिले. दुसऱ्या कुणाला देऊ, म्हणाला. घरी आल्यावर मी ते उलटे करून पाहिले. उजव्या बुटाचा तळ बाहेरच्या अंगाने झिजून पातळ झाला होता. मोडलेल्या खुब्याचा पाय त्या ओढत चालल्या असणार, त्या गॅलरीत, रोज. मी कडेवरून अंगठा फिरवला. ती गोल होती.